सल्ला हवा: खाचराच्या बांधावरची आमरी (ऑर्किड), ओळख आणि हलवायची का?

ओलकाठ:
कोकणात भातकापणी झाल्यावरही ओल धरून असलेल्या बांधावर, जानेवारीत, वीतभर उंचीची आमरी फुललीय. पानं अगदी गवतासारखी, फुलं बारीक, पांढरी-पिवळी. फोटो जोडलाय. हॅबेनारिया (आमरीचाच एक गट) असेल का? बांध जेसीबीने रुंद करायचाय. झाडं उचलून कुंडीत लावली तर जगतील?

गवत्या:
हॅबेनारिया नाही. सह्याद्रीतल्या बहुतेक हॅबेनारिया पावसाळ्यात फुलतात, आणि त्यांच्या फुलामागे लांब नळी लोंबते. फोटोत ती कुठेच नाही. मला स्पायरँथस, म्हणजे आमरीचाच दुसरा गट, वाटतेय.

खाचरपाणी:
स्पायरँथसचा ओठ (आमरीची वेगळ्या आकाराची पाकळी) पांढरा आणि काठाला चुणीदार, शिवाय फुलं मळसूत्रासारखी वळत जातात. इथे ओठ पिवळाधम्मक आणि कणीस दाट. वर्णनावरून ही झ्युक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका नावाची आमरी. खात्रीसाठी दहापट भिंगाखाली एकच फूल बाजूने बघा: वरचं निदल (फुलाचं बाहेरचं दल) आणि दोन पाकळ्या चिकटून टोपी झालेली, ओठाच्या बुडाशी छोटी पिशवी. फुलाखालचं छद (छोटं पान) बीजकोशापेक्षा लांब असतं, म्हणून कणीस दुरून केसाळ दिसतं. पानांना देठ नाही, बुडं खोडाला वेढून असतात आणि उन्हात तपकिरी-जांभळी झाक येते. फुलं नसताना गवतात ती झाक शोधायची, नाहीतर पाय पडेपर्यंत दिसत नाही.

ओलकाठ:
झाक आहे! मग कुंडीचं काय?

खाचरपाणी:
सुटं रोप उपटून लावू नका. आडवं, मांसल खोड वरच्याच थरात असतं, मुळं मोजकीच, आणि मातीतल्या बुरशीशिवाय त्याचं भागत नाही. निर्जंतुक कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) पानं आठवडाभर टवटवीत दिसतात, मग बुडाशी कुजतं. बांध जाणारच असेल तर फावड्याने सुमारे १५ सेंमी खोल, गवतासकट अख्खं ढेकूळ काढा आणि तशाच ओलीच्या, उघड्या उन्हाच्या जागी त्याच पातळीला बसवा. कालव्याचा काठ चालेल, साचलेलं पाणी नको. शेणखत, युरिया काहीही घालू नका.

गवत्या:
स्पायरँथस मागे घेतो. पण मूळ रोप जगवण्यापेक्षा बी सोपं नाही का? ही परागणाशिवायही बी धरते ना?

खाचरपाणी:
धरते, म्हणून तर फ्लोरिडात १९३६ मध्ये पहिल्यांदा सापडल्यावर ती हिरवळींतून सगळीकडे पसरली. बोंडं पटापट पिकतात. तपकिरी होऊन फुटायला लागली की कणीस कागदी पिशवीत झटका. बी धुळीसारखं, त्यात साठवलेलं अन्न नसतं, म्हणून बुरशी असलेल्या जुन्याच ओल्या गवतात भुरभुरायचं, वर माती ओढायची नाही. बी पडून गेल्यावर रोप वाळतं, ते मेलं म्हणून खणू नका, आडव्या खोडावरून नवे कोंब येऊ शकतात.

ओलकाठ:
आणि गवत कधी कापायचं?

खाचरपाणी:
फुलांचे कोंब वर यायला लागले की थांबा, बोंडं फुटल्यावरच कापा. पण अजिबात न कापता सोडलंत तर उंच गवत तिला गिळतं. तणनाशकाचा फवारा मात्र वाऱ्याने उडून आला तरी तिला मारायला पुरतो.