माळ्यावर जुना राऊटर पडलेला असताना मेशला पैसे कशाला घालायचे?

ऐरोलीचा_बंड्या :
वाद व्हावा म्हणूनच धागा काढलाय. आमचं ऐरोलीत सिडकोचं रो-हाऊस, खाली-वर दोन मजले. फायबरचा डबा खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि माझं ऑफिसचं टेबल वर मागच्या खोलीत. जिन्याच्या वळणापर्यंत दोन काड्या, टेबलावर बसलं की एक, तीपण लहरीवर. अर्धी मीटिंग 'येतोय का आवाज' यातच जायची. नेटवाल्याचा पोरगा म्हणाला काका मेश घ्या, म्हणजे घरात जागोजागी ठेवलेले डबे मिळून एकच वायफाय, सात-आठ हजारांत काम होईल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, तेवढ्यात आईने विचारलं, माळ्यावर ते काळे डबे कधीपासून पडलेत, त्यांचं काय करायचंय?

त्यात निघाला आधीच्या कनेक्शनचा एन-३०० राऊटर. लॅपटॉपला वायरने जोडला, आयपी (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी बंद (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम खालच्याच राऊटरने करायचं), वायफायचं नाव-पासवर्ड खालच्यासारखंच, फक्त खाली चॅनल १ तर वर ११. मग एसीच्या पाइपच्या भोकातून एक वायर वर काढली आणि दोन्हीकडे लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टातच खोचली, वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) पोर्टाला हातही लावला नाही. वायर, दोन क्लिपा, थोडी केसिंग पट्टी, सगळं मिळून पाचशेच्या आत. टेबलावर आता चाळीस-पन्नास एमबीपीएस मिळतं आणि व्हिडिओ कॉलला त्याच्या दहावा हिस्साही लागत नाही. माझं स्पष्ट मत, दहातल्या आठ घरांना मेश म्हणजे हौस आहे. बोला.

घोडबंदर_एकोणिसावा_मजला :
बोलतो. हेच ऐकून मी माझे तीन रविवार घालवलेत. जुना राऊटर पॅसेजमध्ये ठेवला, रिपीटर मोडवर टाकला (वायर न लावता मेन राऊटरचं वायफाय पकडून पुढे फेकायचं), बेडरूममध्ये काड्या फुल! बायको खूश. नेट मात्र बैलगाडी. हॉलमध्ये जेवढा स्पीड त्याच्या निम्म्याहून कमी बेडरूममध्ये, आणि संध्याकाळी तर विचारूच नका. शेवटी मेश आणलं, वीस मिनिटांत चालू. रविवारच्या झोपेची किंमत तुमच्या पाचशे रुपयांत धरली नाहीत तुम्ही.

ऐरोलीचा_बंड्या :
अहो पण तुम्ही रिपीटर केलात, मी वायर टाकली. फरक तिथेच आहे ना. त्या जुन्या डब्यात रेडिओ एकच, त्यानेच मेन राऊटरकडून ऐकायचं आणि त्यानेच तुमच्या फोनला पुन्हा सांगायचं, एकाच चॅनलवर, आळीपाळीने. स्पीड निम्मा होणारच. काड्या फुल दिसतात त्या पॅसेजमधल्या डब्याच्या, त्याच्या मागे काय रडारड चाललीय ते फोनला दिसत नाही.

खाडीकिनारी :
बंड्या, एक लक्षात घे. तुझं सिडकोचं जुनं घर, विटांच्या भिंती. घोडबंदरचे बरेच नवे टॉवर मिवानचे असतात. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीपण सगळ्या काँक्रीटच्या, पोटात सळ्यांची जाळी. खिळा ठोकायला ड्रिल लागतं तिथे पाच गिगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल काय पलीकडे जाणार, एका भिंतीत दम तोडतो. २.४ वाला थोडा चिवट, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पंचवीस वायफायांच्या गर्दीत सापडतो. त्यामुळे अशा घरात बिनवायरीचं मेशपण फार उजेड पाडत नाही. मी कोलशेतला भावाकडे बघितलंय, दुसरा डबा दरवाजाच्या समोरासमोर ठेवला तेव्हा कुठे चाललं, बेडरूमच्या आत ठेवला की पुन्हा तेच.

घोडबंदर_एकोणिसावा_मजला :
हे मात्र खरंय. माझा पण दाराच्या चौकटीशीच ठेवलाय. पण वायर कुठून नेणार, तीच काँक्रीटची भिंत ना.

खाडीकिनारी :
टीव्ही-टेलिफोनची कन्सील्ड पाइप असते बघ, बेडरूममध्ये टेलिफोनचा सॉकेट आहे ना, लँडलाइन आता कोण लावतंय. इलेक्ट्रिशियनला बोलाव, जुन्या वायरीला नवी बांधून ओढली की काम झालं. फक्त वायर बघून घे. स्वस्तात कॅट-६ (नेटची वेगवान वायर) म्हणून देतात त्यात पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ओढताना तुटते. आणि क्लिप मारताना एक जोडी जरी हलली तरी गिगाबिटची (१००० एमबीपीएसची) लिंक १०० वर येते आणि मग आपण राऊटरला शिव्या घालत बसतो.

टेकडीवरचा_ॲडमिन :
दिवसभर हेच काम करतो म्हणून लिहितोय. पैसे वाचतात मान्य, पण त्या डब्याचं शेवटचं अपडेट कधीचं आहे बघितलंत का? कंपनीने कधीच सोडून दिलेला असतो. ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकू म्हणाल तर ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या डब्यांना त्याच्या १९.०७ आवृत्तीनंतर अधिकृत बिल्डच नाही. २०१७ ला क्रॅक नावाचं भोक सापडलं डब्ल्यूपीए-२ मध्ये, म्हणजे वायफायच्या कुलपातच, तुमच्या माळ्यावरच्या डब्याला त्याचा पॅच मिळाला असेल असं मला तरी वाटत नाही. ऑफिसचा लॅपटॉप त्यावर लावता म्हणजे धन्य आहे.

ऐरोलीचा_बंड्या :
ॲडमिनसाहेब, क्रॅकचा मुख्य फटका क्लायंटला म्हणजे फोन-लॅपटॉपला होता, ते अपडेटेड आहेत. राऊटर त्यात सापडतो तो बहुतेक रिपीटर म्हणून चालवला तेव्हा, कारण मग तो स्वतःच क्लायंट होतो. घ्या, रिपीटर न करायला अजून एक कारण. शिवाय माझा डबा मेन राऊटरच्या आत बसलाय, बाहेरच्या इंटरनेटला तोंड दाखवतच नाही.

टेकडीवरचा_ॲडमिन :
बाहेरून नाही पण बाजूच्या गच्चीवरून तर दिसतो ना! बरं, अगदीच वापरायचा तर डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, त्याचा पिन २०११ पासून फोडता येतो. ॲडमिनचा पासवर्ड बदला. आणि सिक्युरिटीत नुसतं एईएस ठेवा, टीकेआयपी या जुन्या कुलपावर ठेवलात तर एन राऊटरसुद्धा ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. ज्यात एईएस नाहीच तो थेट भंगारवाल्याला. माझं मत बदललेलं नाही, फक्त हट्टी माणसासाठी लिहिलं.

नेरुळची_सुनबाई :
तुम्ही सगळे पुरुष सेटिंगवर बोलताय, सांभाळतं कोण त्यावर कुणी बोलेल का? आमच्या ह्यांनी असंच केलं होतं. छान चाललं चार महिने. मग हे पुण्याला गेले आणि इकडे नेट गेलं. मुलीची परीक्षा ऑनलाइन, सासूबाईंची मालिका, सगळे माझ्या डोक्यावर. सासऱ्यांनी मदत म्हणून कानातल्याची दांडी काढून त्या वरच्या डब्याचं मागचं भोक दाबलं, बंद-चालू होईल म्हणून. ते रीसेटचं बटण! झालं, वायर तशीच लागलेली आणि त्या डब्याचं ते डीएचसीपी की काय ते परत चालू. मग निम्मे फोन चालतात, निम्म्यांवर 'कनेक्टेड पण इंटरनेट नाही', आणि कुठला चालेल ते दर तासाला बदलतंय. हे फोनवरून सांगतायत ब्राउझर उघड, आकडे टाक. मी शेवटी वरच्या डब्याची वायरच उपटली. खालून नीट चाललं, वर अंधार. मेशला ॲप असतं, तीन बटणं, मलाही कळतं. आठ हजार त्याचेच आहेत.

घोडबंदर_एकोणिसावा_मजला :
ताई, टाळ्या.

ऐरोलीचा_बंड्या :
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या घरीपण मी नसलो तर हेच होणार. आत्ता उठून वरच्या राऊटरला पोटावर चिठ्ठी चिकटवली : 'नेट गेलं तर फक्त मागची वायर काढा, बाकी कशाला हात लावू नका.' रीसेटच्या भोकावर चिकटपट्टी. मेश मात्र अजून घेत नाही.

नेरुळची_सुनबाई :
चिठ्ठीवर तुमचा फोन नंबरपण लिहा. आणि चिकटपट्टी डबल मारा, आमच्या सासऱ्यांसारखे कानातलेवाले घरोघरी असतात.

पाचपाखाडी_पहिला_मजला :
चर्चा वाचून माळ्यावरून माझाही काढला. अडाप्टर सापडत नाही. डब्याखाली ९ व्होल्ट लिहिलंय, घरात सेटटॉप बॉक्सचा १२ चा आहे, पिन बसतेय. लावू का?

खाडीकिनारी :
नको नको नको.

पाचपाखाडी_पहिला_मजला :
लावला. वास येतोय.