आरओचा टीडीएस (पाण्यातले एकूण क्षार) ६० वरून २३० वर गेलाय, मेंब्रेनच गेला का? मदत हवी आहे (बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय काय बिघडलंय ते तुम्हाला तरी कसं कळणार.

मी नागपूरला असते. आई-बाबा, दादा-वहिनी आणि दादाची पाच वर्षांची पोट्टी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात गावी. घरची बोअर आहे. आमच्या पट्ट्यात पाण्याला फ्लोराइड आहे हे लहानपणापासून माहीत, माझ्याच पुढच्या दोन दातांवर तपकिरी पट्टे आहेत आणि आमच्या वर्गाचा दहावीचा फोटो काढून बघितला तर निम्मी पोरं ओठ मिटून उभी आहेत. दोन वर्षांपूर्वी बोअरचं पाणी तपासायला दिलं तर फ्लोराइड लिटरला ३.८ मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात १ पर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उकळून तर ते जात नाहीच, उलट पाणी आटतं तसं वाढतं. पोट्टीचे पक्के दात आत्ता हिरड्यांच्या आत तयार होतायत, म्हणून हट्टाने आरओ बसवायला लावला.

मशीन साधंच, असेंबल केलेलं. बाहेर प्री-फिल्टर, आत सेडिमेंट, कार्बन, २४ व्होल्टचा पंप, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) मेंब्रेन म्हणजे क्षार अडवणारा पडदा, मग यूव्ही आणि एक टीडीएस कंट्रोलर. दिवाळीत सर्व्हिसिंग झालं त्याच्या आधी मी स्वतः मीटर लावला होता, तेव्हा ६० होता. परवा गेले तर २३०. बोअरचा ९२० आहे, त्यात काही फरक नाही.

सर्व्हिसवाल्या दादांना फोन केला तर ते म्हणाले, ताई मेंब्रेन गेलाय, पूर्ण किट बदलावं लागेल, साडेचार हजार. पैशाचं नाही हो एवढं, पण नेमकं काय गेलंय ते कळल्याशिवाय बदलायचं कसं?

मी काय काय बघितलं ते सांगते. मीटर खोटं बोलतोय का म्हणून पेट्रोल पंपावरून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणून त्यात बुडवला, ३ दाखवला, म्हणजे मीटर बरा आहे. मग मोबाईलवर वेळ लावून मोजलं, १ लिटर शुद्ध पाणी यायला ६ मिनिटं आणि तेवढ्या वेळात अडीच लिटर वेस्ट. आणि अजून एक, टाकी भरून मशीन बंद झालं तरी वेस्टच्या नळीतून धार चालूच राहते, बारीकच, पण मिनिटाला १०० मिली भरली. तासाला ६ लिटर झाले ना हे, आणि आमच्याकडे एप्रिल लागला की बोअर गुळण्या करायला लागते.

मेंब्रेन गेला असं कसं ओळखायचं? आणि ही बंद मशीनमधली धार कशाची?

प्रतिसाद: ताई, २३० म्हणजे छानच पाणी आहे की, ५०० च्या आत असलं की झालं. फार कमी टीडीएसही चांगला नाही. उगाच काळजी करू नका.

प्रतिसाद: वरच्यांशी सहमत नाही. टीडीएस मीटर पाण्यात क्षार एकूण किती आहेत एवढंच सांगतो, त्यात कॅल्शियम किती आणि फ्लोराइड किती हे त्याला कळत नाही. नदीचं २३० आणि तुमचं २३० एक नाही. ताई, मेंब्रेनला दोष द्यायच्या आधी एक करा. मेंब्रेनच्या हाउसिंगला एका टोकाला दोन नळ्या असतात, मधल्या भोकातून शुद्ध आणि कडेच्यातून वेस्ट. मधली नळी कंट्रोलरच्या आधी सोडवा आणि तिथलं पाणी थेट ग्लासात घेऊन मोजा. पहिला ग्लास धरू नका, मशीन उभं राहिलं की मेंब्रेनमधून क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरुवातीला आकडा जास्तच येतो. १० मिनिटं चालू द्या, मग मोजा. आणि बंद मशीनची धार म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (मशीन बंद झालं की पाणी अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नीट बसत नाहीये, बहुतेक आत कचरा अडकलाय.

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः नळी सोडवायला सांगणाऱ्या दादांचे. शनिवारी गावी जाऊन केलं. पहिला ग्लास ११०, माझं काळीजच धस्स झालं. १० मिनिटांनी ४६. म्हणजे ९२० मधले ९५ टक्के क्षार अडतायत, मेंब्रेन ठणठणीत आहे!

मग कंट्रोलर बघितला. तो मेंब्रेन चुकवून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, आणि त्याचा स्क्रू चांगलाच उघडलेला होता. आईला विचारलं तर म्हणाली, दिवाळीत तो पोरगा आला होता, पाणी लय फिकं लागते म्हटलं मी त्याला, तर त्यानं काहीतरी फिरवून दिलं. बस, एवढंच झालं होतं. त्याचाही हेतू वाईट नव्हता, पण आमच्या पाण्याला हे चालत नाही. ४६ आणि ९२० मिसळून २३० व्हायला साधारण पाचवा हिस्सा कच्चं पाणी लागतं. कार्बनने आणि यूव्हीने फ्लोराइड जात नाही, म्हणजे पाच ग्लासातला एक ग्लास जवळजवळ बोअरचाच. मेंब्रेन फ्लोराइड ९० टक्के अडवतो असं धरलं तरी हिशेब १.१ च्या आसपास येतो. पोट्टी चार महिने ते प्यायली. स्क्रू मीटर बघत बघत बंद केला, आता ५२.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला तर आतल्या रबराखाली वाळूचा तांदळाच्या कणीएवढा दाणा होता. धुऊन बसवला, धार बंद. प्री-फिल्टरची कँडल (आतली गाळणी) पण बदलली, तिच्यातूनच निसटला असणार.

हे सगळं करताना एक गोष्ट दिसली ती इथे मुद्दाम लिहितेय, अजून कुणाच्या घरी होत असेल तर. आई वेस्टचं पाणी वाया जाऊ नये म्हणून गाईच्या टाक्यात ओतत होती. मोजलं तर टीडीएस १२०० च्या वर, आणि मेंब्रेनने अडवलेलं फ्लोराइड त्यातच जातं, म्हणजे गाईला बोअरपेक्षाही वाईट पाणी. जनावरांनाही त्याने हाडांचा, दातांचा त्रास होतो. आता ते फरशी पुसायला आणि संडासात वापरायचं असं ठरवलंय, गाईसाठी वहिनी विहिरीवरून आणते.

नळाचं पाणी परत फ्लोराइडसाठी द्यायचंय. काचेची बाटली नको, प्लास्टिकचीच द्या म्हणाले, काचेला फ्लोराइड लागतं म्हणे. सोमवारी दादा नेऊन देतोय, रिपोर्ट आला की टाकते.

आता एकच राहिलं. आई म्हणते पाणी पुन्हा बेचव झालं, आणि तिला ते आवडलं नाही तर ती हंड्यातलं बोअरचं पिणार, मला माहितीय. मेंब्रेनच्या पुढे कॅल्शियम-मॅग्नेशियमवाली मिनरल कार्ट्रिज लावली तर कच्चं पाणी न मिसळता चव येते ना? कुणी बोअरच्या पाण्यावर वापरलीय का, आणि किती महिन्यांनी बदलावी लागते?