होमी भाभांची चित्रकला नुसती हौस होती का?

आरती_सातारा
नमस्कार मंडळी, माझी लेक अकरावी सायन्सला आहे, फिजिक्स म्हणजे तिचा जीव की प्राण, पण चित्रकलाही तितकीच आवडते, एलिमेंट्री इंटरमीजिएट दोन्हीला ए ग्रेड. आता घरातले मोठे म्हणतायत दहावीला मार्क मिळाले ना त्याचे, आता रंग माळ्यावर टाक. तिने कुठेतरी वाचलं की डॉ. होमी भाभा चित्रं काढायचे, तेव्हापासून तेच धरून बसलीय. मला जाणून घ्यायचंय की त्यांचं ते फावल्या वेळातलं होतं की खरंच मनापासून? आणि कामावर परिणाम नाही का झाला?

कुलाबेकर
आरतीताई, फावल्या वेळातलं अजिबात नाही. 1927 ला केंब्रिजला गेले ते वडिलांच्या इच्छेने इंजिनिअरिंग करायला, परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात जायचं असं ठरलेलं, पण यांनी वडिलांना पत्र लिहून फिजिक्सच करायचं म्हणून हट्ट धरला. आणि त्याच दिवसांत तिथे चित्रं काढत होते, स्टेजचे सेट डिझाइन करत होते, बेथोव्हन मोझार्ट तर लहानपणापासून घरच्या ग्रामोफोनवर ऐकलेले. पेन्सिलने पोर्ट्रेट फार सुरेख काढायचे.

पण मला विचाराल तर खरी गंमत टीआयएफआरमध्ये आहे, म्हणजे भाभांनीच उभी केलेली मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था. मी काही वर्षं तिथे होतो. आत शिरलं की हुसेनचं भिंतभर म्युरल, साधारण 45 फूट लांब, आणि मग कॉरिडॉरमध्ये चालता चालता गायतोंडे, आरा, तय्यब मेहता. म्हणजे इक्वेशन डोक्यात घेऊन कॅंटीनला निघालेला माणूस रोज गायतोंडेंच्या चित्रावरून जातो!! भाभांनी नेहरूंकडून मंजुरी घेऊन संस्थेच्या बजेटचा एक टक्का कलेसाठी ठेवला आणि ही चित्रं ते चित्रकार आजच्याएवढे मोठे व्हायच्या आधी घेतलीत, स्वतः बघून, निवडून. बागेचंही तसंच, रस्ता किंवा बांधकामाच्या आड झाड आलं तर तोडू द्यायचे नाहीत, मोठी वाढलेली झाडं मुळासकट हलवून लावली. स्वतः ब्रश हातात धरलेला माणूसच भिंतीवर काय असावं आणि खिडकीतून काय दिसावं याचा इतका विचार करतो असं माझं ठाम मत आहे.

निनाद_के
माहिती छान पण एक सांगू का, भाभा टाटांच्या नात्यातले, सख्खी आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांची पत्नी, घरात पुस्तकं रेकॉर्ड सगळं होतं. आपल्या पोरांना जेईईचा क्लास आणि चित्रकला दोन्ही झेपवायचं तर वेळ आणि पैसा दोन्हीचा प्रश्न येतो, घरच्यांची काळजी अगदीच चुकीची नाही. म्हणून मी दुसरी उदाहरणं देईन. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, वडील रेल्वेत हिशेबनीस, आणि हे एसराज म्हणजे ते गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवायचे. आणि आपले नारळीकर सर! 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षरही पत्नीचं, म्हणजे परीक्षकांना ओळखू येऊ नये. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा ते टीआयएफआरमध्येच होते आणि कॉस्मॉलॉजीवरचं, म्हणजे विश्वाच्या रचनेवरचं काम जोरात चालू होतं.

वैदर्भी
निनाददादा +1, जगतापांचा किस्सा माझ्या वडिलांचा लाडका.
भाभांबद्दल आमच्या नागपूरची एक आठवण सांगते. 1941 मध्ये इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचं अधिवेशन इथे होतं, तिथे सी. व्ही. रामन यांनी त्यांची ओळख आजच्या काळातले लिओनार्दो दा विंची अशी करून दिली, संगीत, चित्रकला, इंजिनिअरिंग, विज्ञान सगळ्याचा उल्लेख करून. रामन काही उगाच कुणाची स्तुती करणाऱ्यातले नव्हते. आणि त्याच वर्षी भाभा लंडनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो झाले, वय 31. परिणामाचं विचारलंत म्हणून सांगितलं.

आरती_सातारा
खूप खूप आभार सगळ्यांचे. निनाद यांचं पैशाचं म्हणणं पटतं, आम्हालाही क्लासच्या फीचा विचार करावाच लागतो. पण चित्रकलेला वेगळा क्लास नकोच म्हणते ती, वही आणि पेन्सिल पुरे. मग नाही म्हणायला कारणच काय उरतं? कुलाबेकर, त्या म्युरलचा बरा फोटो असेल तर प्लीज टाका, सासऱ्यांनाही दाखवायचाय.