विकिपीडियावर पेवॉलमागचा संदर्भ द्यावा का?

वाचनवेडी: इंग्रजी विकिपीडियावर एका आजाराच्या लेखात भर घालतेय. सगळ्यात नीट माहिती ज्या रिव्ह्यू पेपरमध्ये (अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा) आहे तो नेमका पेवॉलमागे, आणि फुकट मिळतायत ते पेपर जुने नाहीतर एकेका छोट्या प्रयोगाचे. वाचणाऱ्याने क्लिक केलं की पैसे भरायचं पान येणार, मग त्याने पडताळायचं कसं? तुम्ही काय करता?

जुना_संपादक: रिव्ह्यूच दे. सोर्स महाग आहे किंवा मिळायला अवघड आहे एवढ्यावरून नाकारायचा नाही असा तिथला नियमच आहे, छापील पुस्तकं चालतातच की. आणि आजाराच्या लेखात फुकट मिळतोय म्हणून कच्चा पेपर लावला तर वाचणाऱ्याचं नुकसानच. फक्त संदर्भाच्या साच्यात सबस्क्रिप्शन लागतं असं नोंदव, लाल कुलूप दिसतं, लोकांना आधीच कळतं.

कुलूपकिल्ली: नियम बरोबर आहे पण एवढ्यावर सोडू नका ना. डीओआय (पेपरचा ओळख क्रमांक) टाकून अनपेवॉलवर (पेपरच्या फुकट प्रती शोधणारी साइट) बघ, बऱ्याचदा लेखकाचीच प्रत पबमेड सेंट्रल या फुकट संग्रहात नाहीतर विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत पडलेली असते, ती लिंक मूळ डीओआयसोबत जोडायची. प्रीप्रिंट असेल तर मात्र जपून, तो पीअर रिव्ह्यूच्या (इतर तज्ज्ञांच्या तपासणीच्या) आधीचा असतो, नंतर आकडे बदललेले असू शकतात.

पानाडी: मला खरी भीती वेगळीच वाटते. पेवॉल असली की लोक नुसता वरचा सारांश म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून संदर्भ ठोकतात, आणि मर्यादा, अपवाद सगळे आतल्या पानांत राहतात. पूर्ण पेपर वाचला नसेल तर देऊच नका. ५०० एडिट आणि ६ महिने जुनं खातं असेल (आणि गेल्या महिन्यात किमान १० एडिट) तर विकिपीडिया लायब्ररीतून कितीतरी जर्नल्स फुकट उघडतात, नसेल तर रिसोर्स एक्स्चेंजच्या पानावर मागा, कुणीतरी पाठवतं. आणि ज्या वाक्यावर वाद होईल त्याचं मूळ वाक्य संदर्भातच उद्धृत करा, म्हणजे पेवॉलबाहेरच्यालाही काहीतरी ताडून बघता येईल.

वाचनवेडी: अनपेवॉलवर लेखकाची प्रत सापडली!! पीअर रिव्ह्यूनंतरचीच आहे पण पान क्रमांक जर्नलशी जुळत नाहीयेत, मग पानाऐवजी सेक्शनचं नाव दिलं तर चालेल का?

जुना_संपादक: चालेल, पण वाचलीस ती प्रत कुठली तेही लिही.