मदत हवी आहे: जिभेखालची गोळी घेतली की बीपी खाली आणि नाडी वर, असं का?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. वडील म्हणजे आण्णा, वय 66, दोन वर्षांपूर्वी अँजिओग्राफीत एका नसेत ब्लॉक निघाला, डॉक्टर म्हणाले सध्या गोळ्यांवर बघू. तेव्हापासून सॉर्बिट्रेट 5 कायम खिशात, छातीत भरून आलं तर जिभेखाली ठेवायची.

परवा विरळणी चालू होती, बायका लावलेल्या, आण्णा उगाच मंडपाखाली मान वर करून घड बघत फिरत होते आणि छातीत भरल्यासारखं झालं म्हणून उभ्या उभ्याच गोळी ठेवली. दोन-तीन मिनिटांत डोळ्यापुढं अंधारी, तारेला धरून खाली बसले, घामानं बंडी भिजली, आमच्या तर हातापायातलं बळच गेलं. छातीतलं मात्र थांबलं. घरी आणून मशीन लावलं तर बीपी 98/60 आणि नाडी 104, एरवी 130/80 आणि 74 असते. वर संध्याकाळपर्यंत डोकं ठणकत होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले गोळीचाच परिणाम आहे, शुक्रवारी दाखवायला आणा. पण मला कळत नाय, गोळी नसा मोकळ्या करते तर ब्लॉक पण मोकळा होतो का? आणि हृदयाला आराम द्यायची गोळी असून नाडी वाढते म्हणजे उलट पळवलंच की त्याला? चुलते म्हणतात बंदच करा ती गोळी. साध्या भाषेत सांगा कुणीतरी, गुगल करून करून डोकं फिरलंय.

मिरजवाली:
मी फिजिओलॉजी शिकवते, माहेर शेतकऱ्याचं, म्हणून मोटरच्या भाषेत सांगते. पहिलं म्हणजे या गोळीनं ब्लॉक विरघळत नाही. गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो. जास्त सैल पडतात त्या शिरा, म्हणजे हृदयाकडं रक्त परत आणणाऱ्या. मग रक्त पायात, पोटात साठून राहतं, मोटरकडं येणारं पाणीच कमी. हृदय कमी भरतं, कमी ताणलं जातं, त्याला ऑक्सिजन कमी लागतो आणि अरुंद नसेतून येतं तेवढं रक्त पुरतं. धमन्याही थोड्या रुंदावतात, म्हणजे पुढची पाइप दोन इंचीची अडीच इंची केल्यासारखं, ढकलायला जोर कमी.

आता नाडी. मानेतल्या आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत प्रेशर ओळखणाऱ्या नसा असतात. बीपी पडलं की त्या मेंदूला कळवतात आणि मेंदू ठोके वाढवतो. म्हणजे गोळीनं थेट नाडी वाढवली नाही, पडलेलं बीपी सावरायची ती धडपड. आण्णा उभे होते म्हणून पायात रक्त जास्त उतरलं. यापुढं गोळी बसूनच, आणि लगेच उठायचं नाही. नाडी आवरायला बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर देतात, आण्णांना चालू आहे का ते शुक्रवारी विचारा. चुलत्यांच्या सांगण्यावरून बंद मात्र करू नका.

आणि गोळीनंतर पाच मिनिटांत दुखणं कमी नाही झालं तर शुक्रवार-बिक्रवार बघायचा नाही, सरळ 108.

ऊसवाला:
डोकं ठणकतंय म्हणजे मेंदूवर कायतरी होत असणार, माझ्या सासऱ्यांचं पण असंच व्हायचं.

मिरजवाली:
नाही हो, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ठणकतं. हिची थोरली बहीण नायट्रोग्लिसरीन, डायनामाइटमधली तीच. डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांचं सोमवारी डोकं दुखायचं आणि आठवडाभर काम करून थांबायचं, कारण अंगाला सवय व्हायची, रविवारच्या सुट्टीत मोडायची. सवय झाली की औषधाचा गुणही कमी होतो, म्हणून याच जातीच्या रोजच्या गोळ्यांत बहुधा रात्रीचा खाडा ठेवतात.

अजून एक, जरा नाजूक आहे. पुरुषांच्या 'त्या' गोळ्या, सिल्डेनाफिल वगैरे, घेतल्या असतील तर त्यावर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं पाडतात की जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिलनंतर निदान 24 तास, टॅडालाफिलनंतर 48. आण्णांना एकदा विचारून घ्या.

धागाकर्ता:
मॅडम लय आभार, मोटरमुळं डोक्यात बसलं. आणि बीटा ब्लॉकर दिलेला हाय, पण आण्णांनी तो महिन्याभरापासून घेतलाच नाय, 'बीपी नॉर्मल आहे की' म्हणून! चिठ्ठी आत्ता आईनं काढून दाखवली. शुक्रवारची वाट न बघता डॉक्टरांना आजच फोन करतो. बाकी ते शेवटचं आण्णांना मी कसं विचारू वो? ते पण डॉक्टरांनाच विचारायला लावतो, मी तेवढा वेळ बाहेर गाडी वळवत बसतो.