टाइम ट्रॅव्हल करून १९४२ च्या बोटीवर गेलेला मुलगा – कादंबरीसाठी सल्ला हवाय

सागरवेडी:
नमस्कार मंडळी, नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी एक साहस कादंबरी लिहायला घेतलीय. सहावीतला मुंबईचा मुलगा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जातो आणि डोळे उघडतो ते थेट तिलावा बोटीवर. २० नोव्हेंबर १९४२ ला ही प्रवासी बोट मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघाली आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून ती बुडवली. साडेनऊशेच्या वर माणसं होती, त्यातली २८० गेली. बरेचसे गुजराती कुटुंबकबिल्यासकट मोम्बासा, डरबनकडे निघालेले.
मी अडकलेय ते इथे, की पोराला बोट बुडणार हे माहीत असेल तर तो गप्प बसणार नाही, बोंबलून सांगेल, मग कोणी ऐकलं तर इतिहासच बदलतो आणि नाही ऐकलं तर तो पुस्तकभर नुसता रडत फिरणार. शिवाय एवढे मृत्यू मुलांना वाचायला द्यायचे का? मला ते टाळायचे नाहीयेत पण पोरं रात्री घाबरून उठायलाही नकोत. आणि बोटीवर तो राहील कोणाजवळ?

वाचनकट्टा_ताई:
विषय इतका मस्त निवडलायस! मी मुलांचं वाचनालय चालवते त्यावरून सांगते, मृत्यू लपवू नकोस, पोरांना फसवलेलं लगेच कळतं आणि मग ती पुस्तक मिटतात. फक्त सगळं त्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दाखव, म्हणजे आकडे नकोत, कालपर्यंत ज्याच्याशी पत्ते खेळला तो मित्र दुसऱ्या होडीत आहे की नाही हे अंधारात दिसत नाहीये, एवढं पुरे.
आणि माहीत असण्याचा प्रश्न मला वाटतं सुटतो. आजच्या सहावीतल्या किती मुलांनी तिलावा हे नाव ऐकलंय? टायटॅनिक विचार, सगळं घडाघडा सांगतील. युद्धात व्यापारी बोटींना राखाडी रंग फासून नावं झाकून टाकायचे, त्यामुळे त्याला आधी नावच दिसू नये, वर्ष कळेल, युद्ध चालू आहे हे कळेल, पण पुढे काय होणार हे त्याला कोणी शिकवलेलंच नाही. मग तोही बाकीच्यांसारखाच.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
कोणाजवळ राहील याचं उत्तर माझ्याकडे आहे, भंडाऱ्याजवळ! म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आमचे पणजोबा त्याच काळात दुसऱ्या बोटीवर खलाशी होते म्हणून हे जग घरात ऐकत आलोय. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची नि गुजरातची माणसं पुष्कळ, त्यांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाण धरणारा सुकाणी, खाली इंजिनाजवळ कोळसा ढकलणारे आगवाले, आणि सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणघरात, वाढायला गोव्याचे लोक, जे मुंबईत आले की धोबीतलावकडे आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबवजा वसतिगृहात, उतरायचे. तुमचं पोर फुकट प्रवासी म्हणून सापडलं तर सारंग आधी दम देणार आणि मग भंडाऱ्याकडे कांदे सोलायला बसवणार, तिथून त्याला सगळी बोट फिरता येते.
रात्र नीट दाखवा. ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना झाकणं, डेकवर बिडी ओढायची बंदी कारण एवढासा उजेडही समुद्रावर लांबून दिसतो. तिलावा एकटीच चालली होती, सोबत लढाऊ जहाज नव्हतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्या टॉर्पेडोने बोट लगेच बुडली नाही, त्यामुळे ती वाचेल असं वाटून काही होड्या परत फिरल्या आणि मग दुसरा बसला. त्या दोन टॉर्पेडोंमधला वेळ हीच तुमची कादंबरी आहे हो, परत बोटीवर चढायचं की लांब वल्हवायचं! पुढे दोन दिवस लाटांवर, मोजून पाणी, तेव्हा कुठे ब्रिटिश युद्धनौका एचएमएस बर्मिंगहॅम आली आणि लोकांना उचलून २७ तारखेला मुंबईला घेऊन आली.

इतिहास_खिडकी:
यात भर घालतो. बुडवणारी पाणबुडी आय-२९. हीच ती, जिच्यावर एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ भर समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडीतून येऊन चढले! पाच महिन्यांचं अंतर. दुसऱ्या भागात पोराला त्या पाणबुडीवर पोचवा. आणि बोटीत चांदी होती ती विसरू नका, दक्षिण आफ्रिकेला चाललेल्या २,३६४ विटा, २०१७ मध्ये अडीच किलोमीटर खोलीवरून काढल्या.

वाचनकट्टा_ताई:
@इतिहास_खिडकी माहिती जबरदस्त आहे पण नेताजी आले की पुस्तक त्यांचंच होणार, पहिल्या भागात तरी नको. चांदीही नको असं माझं मत, खजिना आला की पोरं माणसं विसरून विटा मोजत बसतील.

इतिहास_खिडकी:
चांदीचं पटलं. पाणबुडीचं नाही पटलं. जिने आपली माणसं मारली तिच्यावरच आपला नेता बसला, हे बारा वर्षांच्या मुलाला झेपतं, झेपायला हवं. निदान शेवटी दोन पानी टिपणात तरी द्या.

सागरवेडी:
किती दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार!! भंडारी पक्का. त्याच्यामुळे दोन टॉर्पेडोंमधला प्रसंगही सुचला, होडी परत फिरवायची म्हणून सगळे ओरडतायत आणि म्हातारा भंडारी वल्हं सोडतच नाही कारण त्याची आधी एक बोट बुडालेली आहे, आणि पोराला काहीच माहीत नसताना कोणाचं ऐकायचं ते ठरवायचंय. इतिहास बदलत नाही, पण त्या एका होडीतली माणसं वाचतात. आय-२९ टिपणात घेते, दुसऱ्या भागाचं नंतर बघू.
@दर्यावर्दी_रत्नागिरी भंडारी खलाशांना रोज काय रांधायचा, भात-डाळ सोडून? आणि चूल कोळशाची असायची का? घरात कोणाला आठवत असेल तर प्लीज विचारून सांगा, तिसरं प्रकरण तिथेच थांबलंय.