क्रिस्टलमध्ये दोन डोमेन टेकलेली दिसली, तर ती जोडी खरी धरायची का?

भाट्ये_किनारा:
नमस्कार. रत्नागिरीत एमएस्सी बायोटेक करतेय. कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) डोमेनच्या, म्हणजे प्रोटीनच्या स्वतंत्र घडी असलेल्या भागांच्या, जोड्या कशा जमतात, ते पीडीबी या प्रोटीनरचनांच्या संग्रहातल्या फायलींवरून शोधायचंय. पण हिमोग्लोबिनच्या १एचएचओ फायलीत दोनच साखळ्या, पुस्तकात चार. ईजीएफआर या पेशीवरच्या रिसेप्टरच्या कायनेजच्या १एम१७ मध्ये तर एकच! पायमोल या रेणू दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये क्रिस्टलमधले शेजारचे रेणू काढले तर चहूबाजूंनी टेकलेले दिसतात. त्यातला खरा जोडीदार कोणता?

दापोलीकर:
पिसा या रेणूंमधले सांधे मोजणाऱ्या सर्व्हरवर टाक, सांगेल तो.

वेंगुर्ल्याची_ताई:
पिसा वापरच, पण तिथे थांबू नकोस.

फाइलमध्ये असतं ते असममित एकक, म्हणजे क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा. त्याला सममिती लावली की पूर्ण क्रिस्टल उभा राहतो. १एचएचओत अर्धंच हिमोग्लोबिन आहे, उरलेलं सममितीतून मिळतं. 'बायोलॉजिकल असेंब्ली' (काम करणारा पूर्ण रेणू) उतरवून घे, चारही साखळ्या येतील.

जोडीदार ओळखणं कठीण. गणपतीत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात एकमेकांना रेलून उभी असलेली माणसं एका घरची नसतात. पण तीच दोघं लग्नात, बाजारात, जत्रेत बरोबर दिसली तर नातं असणार. क्रिस्टलमध्येही दाटीमुळे रेणू टेकतातच. खऱ्या जोडीत दोन्ही बाजूंचं मिळून साधारण १६०० चौरस अँगस्ट्रॉम क्षेत्र झाकलं जातं, नुसत्या टेकण्यात बहुधा कमी. मात्र दोन्हींच्या आकड्यांत सरमिसळ होते. म्हणून मी क्षेत्रफळापेक्षा पुनरावृत्तीला जास्त मानते: वेगळ्या स्पेस ग्रुपमध्ये (म्हणजे वेगळी सममिती असलेल्या क्रिस्टलमध्ये), किंवा त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रोटीनमध्ये, तेच पृष्ठभाग पुन्हा भेटतात का?

इथे एक सांभाळ. एकाच प्रोटीनच्या वेगवेगळी औषधं बसवलेल्या ढीगभर फायली असतात, पण क्रिस्टल तोच. स्पेस ग्रुप आणि युनिट सेलची (क्रिस्टलच्या मूळ खोक्याची) मापं जुळली तर त्या सगळ्या मिळून एकच पुरावा धर.

तुझी १एम१७ तर फार सुंदर आहे. २००२ ची, एर्लोटिनिब या कर्करोगाच्या औषधासकटची. सममितीचा शेजारी काढ: एका कायनेजचा सी-लोब (मोठा अर्धा भाग) दुसऱ्याच्या एन-लोबवर (लहान अर्ध्या भागावर) दाबून बसलाय. ही तिरकी जोडीच कायनेज चालू करते, हे २००६ मध्ये जॉन कुरियन यांच्या गटाने दाखवलं. त्या सांध्यातलं ९२४ वं अमिनो आम्ल, व्हॅलिन, बदलून आर्जिनिन केलं आणि सक्रियता मोडली. क्रिस्टलने सुचवलं, म्युटेशनने सिद्ध केलं. नव्या क्रमांकनात तेच व्हॅलिन ९४८ वं असतं, २४ चा फरक लक्षात ठेव.

भाट्ये_किनारा:
ताई, खूप आभार! या जोड्यांचा तक्ता करतेय, एकाच साखळीतली डोमेनंही त्यातच घालू?

वेंगुर्ल्याची_ताई:
नको गो, वेगळा तक्ता कर. २एसआरसी बघ, सार्क कायनेजची. तिचं एसएच२ डोमेन स्वतःच्याच शेपटीवरचं फॉस्फेट लागलेलं टायरोसिन धरून बसतं, एसएच३ डोमेन एसएच२ आणि कायनेज यांच्यामधल्या दुव्यावर बसतं, आणि कायनेज बंद. तिथे डोमेनं मुळात एका दोरीने बांधलेली, त्यामुळे सैल पकडही पुरते. दोन सुट्या रेणूंना लावलेला क्षेत्रफळाचा निकष तिथे लावलास तर खऱ्या जोड्या गळतील.